गाणं मुलांच्या गळ्याचं हवं: शाळेच्या गानवृंदासाठी नवी रचना कशी करावी

जून उजाडून शाळा भरल्या की आठ-दहा दिवसांत फोन सुरू होतात. कोणी कळव्याच्या शाळेत संगीतशिक्षक म्हणून नुकतंच लागलेलं असतं, कोणी घोडबंदर रोडवरच्या सोसायटीत शनिवारचा मुलांचा वर्ग सुरू केलेला असतो. प्रश्न एकच: "ताई, पंधरा ऑगस्टला समूहगीत बसवायचंय, कुठलं घेऊ?" माझं उत्तर गेली बरीच वर्षं ठरलेलं आहे. नवं घ्या. तुमच्या मुलांसाठी तुम्हीच करा.

पलीकडे शांतता पसरते. आपण काही संगीतकार नाही, असं त्या माणसाला वाटत असतं. पण पेटीवर सरगम वाजवता येत असेल, ताल धरता येत असेल आणि मुलांचं ऐकायची तयारी असेल, तर दोन ओळींचं गाणं नक्की होतं. ते दोन ओळींचं पहिलं गाणं कसं करायचं, तेवढंच इथे सांगते.

नवंच का, ते आधी सांगते. मी शिकवायला लागले त्या वर्षी एका शाळेत गाजलेल्या देशभक्तिपर गाण्याचा कराओके ट्रॅक लावून चाळीस मुलं उभी केली. धृपद इतकं खाली की शब्दच पोचेनात. अंतरा वर चढला तशी अर्धी मुलं गप्प झाली आणि उरलेली ओरडू लागली. घरी जाऊन विचार करत बसले तेव्हा लक्षात आलं, की ते गाणं एका मोठ्या, कसलेल्या गळ्यासाठी बांधलेलं होतं. दहा वर्षांच्या मुलाला ते येईना यात त्याचा काहीच दोष नव्हता.

आणि मुलांनी एकत्र गायचं ही काही बाहेरून आणलेली गोष्ट नाही. पोवाड्यात शाहिराच्या मागे त्याची ओळ उचलून धरणारे झीलकरी असतात, भजनात टाळकरी धृपद धरतात, आपल्याच ठाण्यातल्या आगरी-कोळी लग्नांत धवलारीण धवले, म्हणजे लग्नगीतं, म्हणते आणि बायका साथ देतात. संगीतकार सलील चौधरींनी पन्नासच्या दशकात मुंबईत बाँबे यूथ कॉयर हा गानवृंद उभा केला, एम. बी. श्रीनिवासन यांनी सत्तरच्या दशकात मद्रास यूथ कॉयर काढलं, आणि वसंत देसाईंनी महाराष्ट्रात हजारो शाळकरी मुलांना एका सुरात गायला लावलं. ही सगळी मोठी माणसं. पण रचना समोरच्या गळ्यांसाठी करायची, ही त्यांची वाट आपल्यालाही मोकळी आहे.

पहिले दोन तास गाणं काढूच नका

पहिल्या दोन तासिका फक्त ऐकण्यात घालवा. पस्तीस मिनिटांच्या तासिकेत पंधरा-सोळा मुलं सहज ऐकून होतात. एकेकाला पुढे बोलावून "गा" म्हटलंत की मूल आक्रसतं. त्यापेक्षा मैदानाच्या पलीकडच्या मित्राला हाक मारायला सांगा: "ओ ऽ ऽ सई!" ती हाक ज्या उंचीवर लागते, तिथे त्या मुलाचा मोकळा आवाज असतो. पेटीवर तो सूर शोधा आणि वहीत नावापुढे लिहून ठेवा. मग त्याच हाकेपासून एकेक सूर खाली आणि एकेक सूर वर नेऊन बघा, कुठे आवाज विरतो आणि कुठे मान ताणली जाते.

पाचवी-सहावीच्या बहुतेक मुलामुलींची वही भरली की दिसेल, की पेटीच्या मधल्या सप्तकातल्या पांढरी एकपासून, म्हणजे सप्तकाच्या पहिल्या पांढऱ्या पट्टीपासून, वरच्या पांढरी दोनपर्यंत त्यांना आरामात गाता येतं. आपण मोठी माणसं मात्र आपल्या सोयीची पट्टी धरतो. बायका खालच्या काळी चार किंवा काळी पाचला सा धरतात आणि मुलांचा सा तळाशी जाऊन बसतो. मुलं तिथे बोलल्यासारखं गातात, आणि मग आपण म्हणतो, यांना सूर नाही. त्यांना सूर असतो, आपण तो खाली पुरून ठेवलेला असतो. पहिल्या गाण्यासाठी मी सा मधल्या पांढरी दोनला धरते आणि चाल एका सप्तकात बसवते. म्हणजे वरचा सा वरच्या पांढरी दोनला येतो, वहीतल्या वरच्या टोकाला, आणि तिथवर सगळे पोचतात.

पुरुष शिक्षकांसाठी एक खास सूचना. तुम्ही गाऊन दाखवता तेव्हा तुमचा आवाज एक सप्तक खाली असतो. काही मुलं आपोआप वरच्या सप्तकात गातात, काही तुमच्यामागे खाली उतरायला बघतात आणि घोगऱ्या आवाजात अडकतात. अशा वेळी चाल पेटीवर वाजवून दाखवा, किंवा सूर पक्का असलेल्या एखाद्या मुलीला आधी शिकवून तिला गाऊन दाखवायला सांगा. मुलं मुलांचं ऐकून लवकर शिकतात.

शब्द कुठून आणायचे

मला सगळ्यात आवडतो तो मार्ग म्हणजे मुलांना विचारणं. एका पावसाळ्यात पाचवीच्या वर्गाला विचारलं, "पाऊस पडताना काय काय ऐकू येतं?" कोणी म्हणालं पत्र्यावरची टपटप, कोणी म्हणालं रिक्षाचा वायपर, एक मुलगी म्हणाली, "बाबांची लोकल उशिरा आल्याचं." उपवनजवळ राहणारा एक जण म्हणाला, येऊरचा डोंगर दिसेनासा झाला की दोन मिनिटांत पाऊस आमच्याकडे येतो. फळ्यावर हे सगळं लिहिलं आणि त्यातून दोन ओळी जुळवल्या:

येऊरवरुनि उतरे पाणी
तलाव गाती टपटप गाणी

ठाणं तलावांचं शहर, त्यामुळे दुसरी ओळ आपसूक आली. आता मात्रा मोजा. ऱ्हस्वाची एक, दीर्घाची दोन. ये २, ऊ २, र १, व १, रु १, नि १, झाल्या आठ. "उतरे पाणी" आठ. "तलाव गाती" आठ, "टपटप गाणी" आठ. हा आपला जुना पादाकुलकाचा साचा, आठ अधिक आठ. तो केरवा तालाच्या आठ मात्रांत हातमोजा घातल्यासारखा बसतो. नवख्याने पहिल्यांदा याच साच्यात लिहावं.

मराठीत लिहिताना एक धोका कायम लक्षात ठेवा. चालीने ऱ्हस्व अक्षर लांबवलं की शब्द बदलतो. "दिन" लांबला की "दीन" होतो, उगवता दिवस बापुडवाणा होऊन बसतो. "पिक" म्हणजे कोकिळ, "पीक" म्हणजे शेतातलं. "सुर" म्हणजे देव, "सूर" म्हणजे आपला सूर. कागदावर कळत नाही, गाताना लगेच कळतं. म्हणून चाल लावायच्या आधी ओळ ताल धरून नुसती म्हणून बघा आणि जिथे जीभ ओढून लांबवते तिथे शब्द बदला.

लांब सूर कुठल्या अक्षरावर थांबतो तेही बघा. आ, ए, ओ यांवर मुलांचा गळा उघडा राहतो. उंच सुरावर ई किंवा ऊ आला की जबडा आवळतो. माझ्या ओळीत "गाती"चा "गा" वरच्या सावर आणि "ती" खाली ठेवलाय तो याचसाठी. शेवटी स, श, ट अशी व्यंजनं येत असतील तर सगळ्यांनी ती एकाच क्षणी मिटायची असतात. नाहीतर तीस मुलांचा "आकाश" संपता संपत नाही, नुसता श-श-श ऐकू येत राहतो.

उच्चारांचं म्हणाल तर ठाण्यातल्या वर्गात तीन-चार मातृभाषा असतातच. "माझा"तला झ आणि "माझी"तला झ वेगळे आहेत हे मराठी घरातल्या मुलांनाही सांगावं लागतं, कारण गाताना सगळे दुसराच उच्चार करतात. घरी हिंदी बोलणाऱ्यांच्या तोंडी "तळं"चं "तलं" होतं. गुजराती आणि मल्याळी मुलांना मात्र ळ घरातूनच मिळालेला असतो. त्यांना पुढे उभं करून बाकीच्यांना त्यांच्याकडून ळ शिकायला लावलं की त्या मुलांचे चेहरे बघण्यासारखे असतात.

स्वतः लिहायचं नसेल तर कवितेकडे वळा, पण हक्क तपासून. भारतात कवीच्या निधनानंतरच्या वर्षापासून साठ वर्षं कॉपीराइट चालतो. संतांचे अभंग, बालकवी (निधन १९१८), साने गुरुजी (निधन १९५०) यांच्या ओळींना तुम्ही निर्धास्त चाल लावा. बहिणाबाई १९५१ साली गेल्या, त्यांच्या कवितांचं पुस्तक १९५२ साली आलं, कुठूनही मोजलं तरी मुदत संपलेली आहे. पण आपल्या ठाण्याचे पी. सावळाराम १९९७ साली गेले, त्यांच्या गीतांवर अजून अनेक वर्षं हक्क आहेत. शाळेच्याच कार्यक्रमात शाळेतल्या मुलांनी पालकांसमोर गाण्याला कायद्यात सवलत आहे. तिकीट लावणं किंवा यूट्यूबवर टाकणं ही वेगळी गोष्ट, त्यासाठी लेखी परवानगी लागते. हयात कवी असतील तर एक साधं पत्र लिहा. आणि शब्द मुलांनी लिहिले असतील तर ते मुलांचे असतात, हे विसरू नका. कार्यक्रमपत्रिकेत त्यांची नावं छापा आणि पालकांची सही घ्या.

चाल

पहिली चाल भूप रागात करा. सा रे ग प ध, पाचच सूर, म आणि नि नाहीत, त्यामुळे अर्ध्या सुराचं अंतर कुठेच येत नाही आणि मुलं घसरत नाहीत. हंगेरीच्या झोल्तान कोदाय यांच्या पद्धतीतही लहान मुलांना आधी याच पाच सुरांची गाणी देतात. तिथला डो रे मी सो ला हा आपला भूपच की. तिथली हातांच्या खुणांची युक्तीही मी उचलली आहे. ती मूळ एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंडच्या जॉन कर्वेन यांची. कमरेशी मूठ म्हणजे सा, आडवा पालथा तळवा म्हणजे ग, तळवा आपल्याकडे आणि अंगठा वर म्हणजे प. हात उंच गेला की सूर उंच, खाली आला की खाली. ज्यांना स्वरलिपी वाचता येत नाही त्यांनाही सूर डोळ्यांना दिसतो.

आता ती दोन ओळींची चाल. "सां" म्हणजे वरचा सा, ऽ म्हणजे आधीचा सूर चालू ठेवायचा.

ये ऽ ऊ ऽ । र व रु नि
सा ऽ ग ऽ । प प ग ग

उ त रे ऽ । पा ऽ णी ऽ
प प ध ऽ । प ऽ प ऽ

त ला ऽ व । गा ऽ ती ऽ
सां सां ऽ ध । सां ऽ प ऽ

ट प ट प । गा ऽ णी ऽ
ग ग प ग । ग रे सा ऽ

यातला "पाणी"चा "णी" मी आधी ग वर आणला होता. पेटीवर ते जास्त गोड वाटत होतं. पण मुलांना ग वरून थेट वरच्या सावर उडी मारावी लागे, आणि दर वेळी चार-पाच जण अलीकडेच ध वर पडत. तीन दिवस मी त्यांना ती उडी शिकवत बसले. चौथ्या दिवशी "णी" प वर ठेवला आणि दोन मिनिटांत सगळे वरच्या सावर उभे होते. मुलांकडून एकाच जागी पुन्हा पुन्हा तीच चूक होत असेल, तर आधी चाल तपासा.

लय मिनिटाला साधारण शंभर मात्रांची ठेवा. दोन ओळींचं गाणं म्हणजे वीस सेकंदही होत नाहीत, म्हणून पुढे त्याच चालीवर आणखी दोन-तीन कडवी मुलांकडून लिहून घ्या. एकूण दोन मिनिटं पुरे.

दुसरा आवाज

गानवृंदाची खरी गंमत इथे सुरू होते, आणि नवखे सगळ्यात जास्त घाबरतात तेही इथेच. पाश्चात्य धर्तीचे चार आवाज लिहायच्या भानगडीत पहिल्या वर्षी पडू नका. त्याआधी तीन सोप्या वाटा आहेत.

एक म्हणजे झील. एक गट ओळ म्हणतो, दुसरा फक्त शेवटचे दोन शब्द उचलतो: "...उतरे पाणी", "उतरे पाणी!" हे मुलांना शिकवावंही लागत नाही, भजनातून ते कानावर असतंच. दुसरी वाट म्हणजे तानपुऱ्यासारखा एक गट सावर धरून ठेवायचा.

तिसरी वाट मला सगळ्यांत प्रिय आहे: चक्रगान. पहिला गट "येऊरवरुनि" म्हणून पुढे सरकला की आठ मात्रांनी दुसरा गट सुरुवातीपासून "येऊरवरुनि" सुरू करतो. चाल एकच, पण दोन जागी एकदम चालू. मुलांना एकच चाल पाठ करायची आणि ऐकणाऱ्याला दोन आवाज मिळतात. मात्र ही चाल आधीपासून तशी बेतावी लागते, आणि ते काम कागदावर होतं. वरच्या स्वरलिपीतल्या आठ-आठ मात्रांच्या लागोपाठच्या ओळी एकाखाली एक लिहा आणि मात्रेला मात्रा लावून बघा. पहिल्या मात्रेला "ये"चा सा आणि "उ"चा प, जमतं. तिसऱ्या मात्रेला ग आणि ध, जमतं. अशा सगळ्या जोड्या तपासा. "तलाव गाती"वर "टपटप गाणी" आली की सहाव्या मात्रेला वरचा सा आणि रे क्षणभर एकमेकांना घासतात. ते चालतं, कारण तिथे तालाची सम (पहिली मात्रा) नाही, खाली (पाचवी मात्रा) नाही, आणि लगेच पुढच्या मात्रेला दोन्ही सूर सुटतात. समेवर अशी घासणी आली असती तर मी सूर बदलला असता.

शेवटच्या ओळीवर पुन्हा पहिली ओळ येते तीही जोडी विसरू नका. गाणं गोल फिरणार असतं.

दोन गट जमले की मुलं लगेच म्हणतात, "बाई, तीन गट करू!" या चालीत करू नका. तिसरा गट आला की "उतरे"चा ध आणि "टपटप"चा प एकाच मात्रेला एकमेकांवर आदळतात, आणि ऐकणाऱ्याला ते चुकलंय असंच वाटतं. तीन गटांची चाल हवी असेल तर पहिल्या आणि तिसऱ्या, दुसऱ्या आणि चौथ्या ओळीच्या जोड्याही जुळवून घ्याव्या लागतात. दुसऱ्या वर्षी जरूर करून बघा.

ज्यांचा आवाज फुटतोय ती मुलं

सातवी ते नववीच्या मुलांबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं. बारा-चौदा वर्षांच्या आसपास मुलग्यांचा आवाज फुटतो. काही महिन्यांत तो जवळपास एक सप्तक खाली उतरतो, आणि मधल्या काळात कालचा सूर आज लागत नाही. मुलींचा आवाजही या वयात बदलतो, पण तो इतका खाली उतरत नाही, थोडा काळ फक्त हवेशीर होतो.

आठवीतला एक मुलगा लहानपणापासून माझ्या वर्गात होता. चौथीत तो सगळ्यांच्या पुढे उभा राहायचा. आठवीच्या स्नेहसंमेलनाआधी त्याचा आवाज मध्येच फुटायला लागला, आणि मी त्याला सांगितलं, "तू नुसते ओठ हलव." कार्यक्रमाच्या दिवशी तो मागच्या रांगेत उभा राहिला आणि ओठसुद्धा हलवले नाहीत. नंतर तो वर्गाला आला नाही. ते वाक्य मी आजही विसरलेले नाही, आणि हा लेख वाचणाऱ्या प्रत्येकाला हात जोडून सांगते, ते वाक्य कोणत्याही मुलाला कधीही म्हणू नका.

त्याऐवजी काय करायचं? त्या मुलाला वेगळं बोलावून त्याच्याकडे आज कोणते सूर आहेत ते शोधा. पुढच्या वर्षी अशी तीन मुलं होती. तिघांकडे मिळून मंद्रातल्या, म्हणजे खालच्या सप्तकातल्या, पांढरी पाचपासून मधल्या पांढरी दोनपर्यंत एवढेच सूर भरवशाचे होते. पांढरी पाच, सहा, सात, एक आणि दोन. आपला सा पांढरी दोनला, म्हणजे त्यांच्या वरच्या टोकाला सा आला, आणि पांढरी सहाला मंद्र प. झालं की! प्रत्येक ओळीला पहिल्या चार मात्रा सा, पुढच्या चार मात्रा मंद्र प, शब्द फक्त "झर ऽ ऽ ऽ, झर ऽ ऽ ऽ". शेवटच्या "गाणी"ला तेवढं प वर न जाता सावरच थांबायचं. त्या तिघांच्या आवाजाने सगळ्या गाण्याला खालून आधार आला. आधी ती तालमीला टाळाटाळ करायची, नंतर सगळ्यांच्या आधी येऊन सा लावून बसायची.

दर पंधरा दिवसांनी त्यांचे सूर पुन्हा तपासा, कारण ते सरकत असतात. सरकले तर त्यांची ओळ बदला, मुलगा बदलू नका. आणि आवाज फुटणाऱ्या मुलांना मागे टाकू नका, तुमच्या जवळ, मध्ये उभं करा, म्हणजे त्यांना स्वतःचा आवाज ऐकू येतो.

बसवायचं कसं

जूनच्या मध्यापासून पंधरा ऑगस्टपर्यंत आठ आठवडे, आठवड्याला दोन तासिका धरल्या तर सोळा. दोन ऐकण्यात, दोन शब्दांत गेल्या. उरलेल्या बारांत गाणं आरामात बसतं.

प्रत्येक तासिकेची पहिली पाच मिनिटं गळा मोकळा करा: मेणबत्तीवर हळू फुंकर घातल्यासारखा लांब श्वास, ओठांची भुरभुर, आणि खालून वर व पुन्हा खाली सायरनसारखा आवाज. मग एका वेळी एकच आठ मात्रांचा तुकडा. तुम्ही दोनदा म्हणा, मुलांनी फक्त ऐकायचं. तिसऱ्यांदा मुलांनी म्हणायचं आणि तुम्ही गप्प राहायचं. सगळ्यात अवघड हेच असतं. आपण त्यांच्याबरोबर गात राहतो आणि आपल्यालाच कळत नाही की कोण चुकतंय. तुम्ही गप्प बसलात की पहिल्याच मिनिटात ऐकू येईल, तिसऱ्या रांगेत डावीकडे "गाती" खाली जातंय.

पेटी सुरुवातीचा सूर देण्यापुरती. मुलांबरोबर सतत चाल वाजवलीत तर ती पेटीवर रेलून गातात आणि पेटी थांबली की पडतात. मोबाइलवरचा तानपुरा लावा, पांढरी दोनला, आणि तबल्याऐवजी सुरुवातीला मुलांच्याच टाळ्या घ्या. ढोलकी, टाळ, खंजिरी शेवटच्या दोन आठवड्यांत.

चक्रगान शिकवताना आधी सगळ्यांना पूर्ण चाल पाठ झालेली हवी. मग मुलं एका बाजूला आणि तुम्ही एकट्या दुसऱ्या बाजूला, तुम्ही आठ मात्रांनी मागून या. मुलं डगमगली नाहीत की त्यांच्यातल्या चार पक्क्या मुलांना तुमच्या बाजूला घ्या, मग अर्धा वर्ग. दोन गटांनी एकमेकांकडे तोंड करून उभं राहावं. कान झाकून गायची सवय लागू देऊ नका, समोरच्याचं ऐकत स्वतःचं धरून ठेवणं हीच तर शिकायची गोष्ट.

जुलैत पत्र्याच्या शेडखाली तास असेल तर पावसाच्या आवाजापुढे मुलं ओरडायला लागतात. त्या दिवशी गाऊ नका. शब्द म्हणून घ्या, हातांच्या खुणा करा, मनातल्या मनात गाऊन शेवटचा शब्द तेवढा मोठ्याने म्हणायचा खेळ घ्या.

कार्यक्रमाचा दिवस

शाळेचं पटांगण असो नाहीतर गडकरी रंगायतनचा रंगमंच, मुलांच्या हातात माइक देऊ नका. हातात माइक असलेली दोन मुलं गातात आणि बाकीची अठ्ठावीस ऐकू येत नाहीत. स्टँडवर दोन माइक पुढे, मुलांपासून चार-पाच फुटांवर, त्यांच्या डोक्याच्या थोडे वर. ध्वनिवाल्या दादांना आदल्या दिवशीच सांगा, की मुलांचा आवाज मॉनिटरमधून परत मुलांना ऐकू आला पाहिजे. अर्धवर्तुळात उभं करा, चक्रगानाचे दोन गट दोन टोकांना, आणि झर-झरवाले मध्ये. पहिला सूर पेटीवर हळूच द्या, मुलांनी तो गुणगुणून घ्यावा, मग दोन बोटं वर करून मात्रा मोजा आणि सुरू करा.

कार्यक्रम झाला की दमून घरी जायची घाई असते, तरी त्याच संध्याकाळी अर्धा तास काढा. भातखंडे पद्धतीने स्वरलिपी वहीत उतरवा: मंद्रातल्या सुराखाली टिंब, तार म्हणजे वरच्या सप्तकातल्या सुरावर टिंब, पुढे कधी वापरलात तर कोमल सुराखाली आडवी रेघ, समेला गुणिले, खालीला शून्य. शब्द लिहिणाऱ्या मुलांची नावं आणि इयत्ता, तारीख, लय, चक्रगानाचा दुसरा गट कितव्या मात्रेला येतो, फुटलेल्या आवाजांची ओळ कोणती होती, हे सगळं खाली लिहा. आणि सगळ्यात वर, ठळक अक्षरात, सा कुठला धरला होता ते. पुढच्या जूनमध्ये नवे शिक्षक ती वही उघडतील तेव्हा पहिल्यांदा तेच शोधतील.